वास गेल्यावर

त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं. मुलगी एका पायात बूट घालून दुसरा शोधत घरभर लंगडत होती, हे दाढीचा फेस तसाच ठेवून "पाणी गेलं का?" म्हणून बाथरूममधून ओरडत होते, आणि मी ओट्याखालची सरबताची जुनी बाटली काढून तिच्यातलं ॲसिड सिंकच्या भोकात ओतत होते. बाटलीवरचं संत्र्याचं चित्र अजून शाबूत होतं. भसकन वाफ वर आली, मला ठसका लागला, आणि तेवढ्यात दार वाजलं. बोटांनी तीनदा टकटक. बेल असताना ती न दाबणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता.

"ॲसिड ओतलंत ना?" मास्तर दाराबाहेरूनच म्हणाले. "आधी खिडकी उघडा, ताई. मग मला आत या म्हणा."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या गल्लीच्या टोकाला कापड रंगवायचा कारखाना आहे, तिथले ते रंगमास्तर. एकतीस वर्षं एकाच छपराखाली काढलेली. नखांच्या कडा कायमच्या काळ्यानिळ्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि नाक असं की त्याच्या गोष्टी कारखान्याबाहेरही सांगितल्या जात. पिंपाचं झाकण बोटभर उचलून आत काय आहे ते सांगणार. रंगाच्या हौदावर वाकून "अजून दहा मिनिटं" म्हणणार आणि कापड बरोबर दहा मिनिटांनी हवं तसं उतरणार. पाठीमागे लोक त्यांना 'नाकमास्तर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी ते पिंपांच्या रांगेपुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "लेबल धुऊन जातं, नाक जात नाही. नाकाने शीक."

त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कागद.

"तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री केलीत ना?"

"वीस वर्षं झाली, मास्तर. आता सिंकपुरती उरलीय."

एरवी हसले असते. हसले नाहीत. "सोळा पानं आहेत. इंग्रजी आहे. मला आपलं वाचता येतं, हे येत नाही. वाचून सांगाल का?"

घर रिकामं झाल्यावर या म्हटलं. अकराला ते काकूंना घेऊनच आले. काकू म्हणजे त्यांची बायको. सोबत मटार सोलायला आणले होते, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या घरी बसणं काकूंना जमत नाही. बसता बसता त्यांची नजर ओट्यावर गेली. मास्तरांची आधीच गेली होती. संत्र्याची बाटली मी अजून उचललेली नव्हती.  सरबताच्या बाटलीत ॲसिड, हे मला तेव्हा पहिल्यांदा खटकलं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दुपारी तहान लागली की ओट्याखालीच हात घालतात. पाण्याच्या बाटल्या मी तिथेच ठेवते.

प्रकरण असं होतं. पंधरा दिवसांनी कारखान्यात तपासनीस येणार होते. बारा माणसं नवी लागली होती. साहेबांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "प्रशिक्षण झाल्याच्या सह्या घेऊन ठेवा." आणि त्यांच्यासमोरच कुलपातलं कपाट उघडून ही पानं फाइलला लावायला काढली. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाबरोबर असं एक माहितीपत्रक येतं. काय आहे, कशाजवळ ठेवू नये, अंगावर पडलं तर काय करायचं, सगळं त्यात असतं. या कारखान्यात ती पत्रकं येत आणि नीट येत. फक्त पिंपांजवळ ठेवली तर रंग लागून खराब होतील, म्हणून ऑफिसच्या कपाटात जपून ठेवली जात. एकतीस वर्षांत मास्तरांनी ती लांबूनच पाहिली होती; या वेळी मात्र ही सोळा पानं त्यांनी वाचायला म्हणून मागून आणली होती.

"आणि सह्या आधी कशा घेत होता?" मी विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. उत्तर काकूंनी दिलं. "कामावर लागला की दोन गणवेश मिळतात आणि साबणाची वडी. एकच पान असतं. गणवेश मिळाले, सही. साबण मिळाला, सही. प्रशिक्षण मिळालं, सही. तिन्ही सह्या एकदमच. पेन परत द्यायचं."

"गणवेश आणि साबण तरी खरंच मिळायचे," मास्तर म्हणाले.

मी पहिलं पान घेतलं. हे पत्रक काळ्या रंगासोबत वापरायच्या पिवळ्या पापुद्र्यांचं होतं. कामगार त्याला नुसतं 'पिवळं' म्हणत. काळी पँट काळी राहते ती या पिवळ्यामुळे. मी सावकाश वाचत गेले आणि आपल्या भाषेत सांगत गेले. कातडी भाजते. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याखाली धरा. ॲसिडशी गाठ पडू देऊ नका, पडली तर विषारी वायू सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

"बरोबर," मास्तर म्हणायचे. "हे बरोबर." ते एकेका ओळीखाली बोट सरकवत होते. अक्षर लागत नसलं तरी शिस्तच तशी.

मग सहाव्या पानावर एक ओळ आली. मी ती मनातल्या मनात वाचली आणि गिळून पुढची सांगायला लागले. माझं बोलणं पुढे गेलं, मास्तरांचं बोट मात्र जागेवरच राहिलं.

"ही राहिली, ताई."

"ती तितकी महत्त्वाची..."

"इथवरच्या पानांत तुम्ही दुसरी कुठली गाळली नाहीत."

मग मी वाचली. या वायूच्या बाबतीत वासावर विसंबू नये. वायू थोडा असेल तर वास येतो. वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नये.

काकूंचे हात थांबले. त्यांच्या मांडीवर एक अर्धवट उघडी शेंग तशीच राहिली.

"परत वाचा," मास्तर म्हणाले.

मी परत वाचली. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं नाही. चष्मा काढून पिशवीत ठेवला, मग पिशवीतून काढून परत डोळ्यांवर ठेवला.

गल्लीतल्या सगळ्यांना पैलवान माहीत होता, म्हणूनच मी ती ओळ गिळली होती. पैलवान म्हणजे मास्तरांच्या हाताखालचा कामगार, दिसायला काडी, म्हणून पैलवान. दोन वर्षांपूर्वी कारखान्यामागच्या सांडपाण्याच्या टाकीत जाळी तुंबली. एकीकडून काळ्या रंगाचं पाणी टाकीत सोडलं जातं, दुसरीकडून ॲसिडने कापड धुतलेलं पाणी. दोन्हींमध्ये तासाभराचं अंतर ठेवायचं, असा रिवाज. त्या दिवशी माल लवकर द्यायचा होता, अंतर ठेवलं गेलं नाही. पैलवान जाळी काढायला खाली उतरला आणि तिसऱ्या पायरीवरून कोसळला. कमरेला दोर बांधल्याशिवाय मास्तर कुणालाही टाकीत सोडत नसत, म्हणून चौघांना त्याला ओढून वर घेता आलं. जीव वाचला. पण मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नव्हती. हात थरथरतात, शब्द सापडत नाहीत, आत्ता झालेलं थोड्या वेळाने आठवत नाही.

चौकशी झाली. चौकशीत लिहिलं गेलं की वास जाईपर्यंत थांबण्याची सूचना कामगाराला होती, प्रशिक्षणाची सही आहे, तरीही तो घाईने उतरला. गल्लीने ते जसंच्या तसं मान्य केलं. मीही केलं. मला आठवतंय, याच ओट्याशी उभी राहून मी यांना म्हटलं होतं, "इतकं शिकवूनही ऐकायचं नाही म्हणजे काय म्हणायचं या लोकांना!" या लोकांना. मी म्हटलं होतं.

"तो घाईने उतरला नव्हता," मास्तर म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं.

"झाकण उघडलं तेव्हा वास होता, भरपूर होता. मी म्हटलं, थांब. तो तोंडाशी बसला. चारपाच मिनिटं बसला असेल. मग म्हणाला, 'गेला वास, मास्तर.' मी पण तिथेच उभा होतो. मीही नाक लावलं. मलाही काही येत नव्हतं." त्यांनी तळहात गुडघ्यावर घासला. "मी म्हटलं, 'मग उतर.'"

"हे चौकशीत सांगितलंत?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, विचारतील तेवढंच बोला. त्यांनी विचारलं, वास जाईपर्यंत थांबायला सांगितलं होतं का? मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं ते." मग ते म्हणाले, "मलाच उलगडत नव्हतं, ताई. वास तर गेला होता. मग हा पडला कसा? म्हटलं, त्याला चक्कर आली असेल. नाश्ता केला नसेल. दोन वर्षं मी त्याच्या नाश्त्यावर ढकलत होतो."

"घरात नासलेलं दूध यांना कळत नाही," काकू एकदम म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "किती वर्षं झाली. मी थट्टा करायची, की नाक कारखान्यात ठेवून येता वाटतं. एकदा तरी धरून विचारायला हवं होतं मी."

असे तिघं बसलो होतो आणि प्रत्येकाकडे आपापली एक चूक होती. शेवटी काकू शेंगा गोळा करून उठल्या आणि म्हणाल्या, "बारा माणसं नवी आहेत ना? त्यांना काय शिकवणार ते आधी ठरवा. रडायला रविवार आहे."

पुढचे दहा दिवस मी आणि मास्तर माहिती गोळा करत हिंडलो. आमच्या यांनी एकदा विचारलं, "हे तुझं काम आहे का?" मी म्हटलं, "नाही. पण येतं मला." त्यानंतर ते संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेऊ लागले. तेव्हा त्यांना भागाकार विसरल्याचं घरात सगळ्यांना कळलं.

आधी मी माझ्या कॉलेजच्या मॅडमना फोन केला. मॅडम आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या.

"लग्नाचं आमंत्रण द्यायला केला होतास, त्यानंतर आज," त्या म्हणाल्या. "कोण मेलं?"

मी सगळं सांगितलं.

"वासाची गोष्ट मी तुम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवली होती," मॅडम म्हणाल्या. "तू तिसऱ्या बाकावर बसायचीस. खिडकीकडे बघत."

 म्हणजे ही गोष्ट गल्लीत एका माणसाला तरी माहीत असायला हवी होती, आणि तो माणूस मी होते. कारखान्यापासून दोनशे पावलांवर राहत होते.  मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "पुस्तकं नको धुंडाळूस. अग्निशमन दलात जा. टाकीतून माणसं तेच काढतात, त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि कामगार खात्याकडे तक्ते असतात, आपल्या भाषेत. फुकट. माग."

कामगार खात्याच्या कचेरीत आम्हाला आधी चार नंबरच्या खिडकीवर पाठवलं, तिथून अकरावर, अकरावरून "त्या जेवायला गेल्यात" म्हणून परत चारवर. शेवटी एका कोपऱ्यातल्या कारकुनाने विचारलं, "तक्ते? धोकादायक रसायनांचे? आहेत की!" आणि तो उठून उभा राहिला. त्याची खुर्ची बुटकी होती, म्हणून सुतळीने बांधलेला गठ्ठा त्याने बसायला घेतला होता. तोच गठ्ठा. तो मधोमध खोलगट झाला होता.

"किती हवेत?"

"कधीपासून आहेत हे?" मास्तरांनी विचारलं.

"मी इथे येऊन नऊ वर्षं झाली. माझ्या आधीचे आहेत. कुणी मागतच नाही हो." मग खुर्चीकडे पाहून म्हणाला, "सगळे नका नेऊ."

बाहेर येऊन मास्तरांनी पायरीवरच एक तक्ता उलगडला. टाकीचं चित्र होतं, तोंडाशी वाकलेला माणूस होता, नाकावर मोठी लाल फुली होती. खाली ठळक अक्षरांत आपल्या भाषेत: वास न येणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं. हे त्यांना माझ्याशिवाय वाचता आलं.

"दोन बस बदलून आलो आपण इथे," ते म्हणाले. "एवढंच लांब होतं हे."

अग्निशमन दलातला अधिकारी तरुण होता, बोलायला रोखठोक. टाकीतली हवा मोजायचं यंत्र त्याने टेबलावर ठेवलं. साबणाच्या वडीएवढं, पट्ट्याला अडकवायचं. "नाकापेक्षा हे बरं. याला सर्दी होत नाही आणि हे बधिर होत नाही," तो म्हणाला. मग विचारलं, "तुमचा माणूस पडला तेव्हा कुणी मागोमाग उतरलं नाही ना?"

"मी उतरत होतो," मास्तर म्हणाले. "दोघांनी कंबर धरून ठेवली."

"त्या दोघांचे पाय धरा. आम्ही पोचतो तेव्हा खाली बहुतेक दोघं असतात. एक पडलेला, दुसरा त्याला काढायला गेलेला." त्याने डायरी उघडली. "केव्हा येऊ?"

प्रशिक्षण कारखान्याच्या जेवणघरात झालं. लांब टेबलं, भिंतीवर आमचे तक्ते, आणि बारा नव्यांबरोबर जुनीही चाळीसएक माणसं. साहेब दाराशी उभे राहून घड्याळ पाहत होते. "मास्तर, सह्या घ्या, चहा द्या, संपवा. पुढचा माल उभा आहे."

"सह्या शेवटी," मास्तर म्हणाले. "आणि साबणाच्या पानावर नाही."

त्यांनी आदल्या दिवशी सगळी पिंपं पुसून प्रत्येकावर नवी लेबलं लावली होती, वर मेणकापड चिकटवलं होतं. एकेकाला पुढे बोलावून, त्याच लेबलांची जादा प्रत दाखवून ते विचारत, "हे काय? कशाजवळ ठेवायचं नाही? डोळ्यांत गेलं तर?" नीट सांगता आलं नाही तर पुन्हा रांगेच्या शेवटी. एक ठेंगणा गडी तिसऱ्यांदा रांगेत गेला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, याला पिंपातच ठेवा आणि वर लेबल लावा!" हशा झाला. त्या गड्याने मागे वळून सांगितलं, "लावा. पण झाकणाला नाक लावू नका, अंघोळ झालेली नाही." साहेबसुद्धा हसले.

मग मास्तर टाकीच्या विषयावर आले. अधिकाऱ्याने यंत्र कसं दोरीने खाली सोडायचं ते दाखवलं, आकडा किती असला तर कुणीही उतरायचं नाही ते सांगितलं. आणि एका जुन्या कामगाराने हात वर केला. "पण मास्तर, तुम्ही तर सांगायचात, वास गेला की उतरा."



"सांगायचो," मास्तर म्हणाले. "ते चूक होतं. माझ्या नाकाच्या जिवावर मी तुम्हा सगळ्यांना टाकीत सोडलं. वास कमी झाला की वायू कमी झाला, असं मला वाटायचं. खरं म्हणजे तेव्हा नाक मेलेलं असतं. तुम्ही आज उभे आहात त्यात माझी हुशारी काही नाही." त्यांनी टेबलाची कड धरली. "आणि पैलवान वास जाईपर्यंत थांबला होता. त्याने मला विचारलं. मी उतर म्हटलं. चौकशीत हे मी बोललो नाही."

साहेब दोन पावलं पुढे आले. "मास्तर, हे इथे..."

"इथेच, साहेब. इथेच शिकवलं होतं."

हेच सगळं त्यांनी चौकशीच्या कचेरीला लिहूनही दिलं. मजकूर त्यांचा, स्वच्छ प्रत माझी. पत्र दिल्यावर साहेबांनी त्यांना निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "बसू देत. दूध तरी बघतील." पण मी निघाले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच विचारलं, "पैलवानाला कोण सांगणार? हे सांगतील ना नक्की?" कारण खरं काम तिथेच होतं. ते त्या दोघांनाही माहीत होतं आणि मलाही.

दोन वर्षं मास्तर दर रविवारी पैलवानाकडे जात. फळं नेत, तासभर बसत. आणि दर रविवारी पैलवान त्यांचा हात धरून एकच म्हणत असे. त्या रविवारी मीही सोबत होते, म्हणून ते मी कानांनी ऐकलं.

एक खोली, खिडकीत शिवणयंत्र. पैलवानाची बायको कपड्यांच्या कडा दुमडून शिवते, गठ्ठे भिंतीला लागून असतात. पैलवान खुर्चीत बसून रिकाम्या रिळावर दोरा गुंडाळत होता. डॉक्टरांनी हातांसाठी सांगितलेलं काम. मास्तरांना पाहून त्याचा चेहरा खुलला. बऱ्याच खटपटीने शब्द आले.

"मास्तर. मी चुकलो. तुम्ही... नीट शिकवलं होतं."

मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. झाकण, वास, चार मिनिटं, 'मग उतर'. नाक कसं मरतं ते. साहेब काय म्हणाले आणि आपण काय बोललो नाही ते. आवाज चढला नाही की पडला नाही. शिवणयंत्र केव्हा थांबलं ते मला कळलं नाही, पण पाहिलं तेव्हा पैलवानाची बायको सुईखाली कापड तसंच धरून बसली होती.

"दोन वर्षं तुम्ही इथे फळं घेऊन आलात," ती म्हणाली. "हे का नाही घेऊन आलात?"

"हिंमत नव्हती. आणि नाक का मेलं ते कळलेलं नव्हतं. पण 'उतर' म्हटलं होतं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मी यांना रागावले हो!" तिचा आवाज फुटला. "कशाला घाई केलीत, कशाला केलीत, म्हणून. भात सांडला की रागावले, बटण लागलं नाही की रागावले. आणि हे ऐकून घ्यायचे. म्हणायचे, हो, चुकलो."

मास्तरांनी मान वर केली नाही.  पैलवान दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. मग त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरं." तो खरंच समजला होता असं मला वाटलं. त्याचे डोळे भरले होते. त्याच्या बायकोने उठून त्याला पाणी दिलं, तो ते दोन्ही हातांनी पेला धरून प्यायला. कुणीतरी जिन्यात मोठ्याने हाका मारत गेलं. तिने यंत्रावरचं कापड सोडवलं, गठ्ठ्यावर ठेवलं, परत घेतलं.

दहा मिनिटं झाली असतील. पैलवानाने रीळ उचललं, दोरा शोधला, आणि समोर मास्तर बसलेले पाहून त्याचा चेहरा खुलला.

"मास्तर," तो म्हणाला. "मी चुकलो. तुम्ही नीट शिकवलं होतं."

मास्तर उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. मला वाटलं आता ते बाहेर पडतील. ते बाहेर पडले नाहीत. शिवणयंत्राजवळ जाऊन उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "माफी मागत नाही. रविवारी मी येईन, आत घेतलं नाहीत तर दारातून सांगून जाईन. पण मधले सहा दिवस मी इथे नसतो. तेवढं एक मागायचंय. तो 'मी चुकलो' म्हणाला की त्याला सांगा, 'तुम्ही नाही, मास्तर चुकले.' दर वेळी सांगा."